आई म्हणते, तूही माझ्यासारखीच पाठ मोडून घेणार

पत्र (थोडं कमी करून छापतेय):

ताई, मी सांगलीची, वय २४, बी.कॉम. झालंय. आई गेली वीस वर्षं घरी ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते, मी दहावीपासून तिच्या हाताखाली शिकले. कॉलेजात एकांकिकांचे कपडे केले, मग इथल्या एका हौशी ग्रुपसाठी राज्य नाट्य स्पर्धेच्या दोन नाटकांचे केले. मला हेच करायचंय. बाबा म्हणतात बँकेच्या परीक्षा दे. पुण्यात एका खाजगी इन्स्टिट्यूटमध्ये चौकशी केली तर वर्षाची फी साडेतीन लाख, वर कर्जाचं पण आम्हीच बघतो म्हणाले. आई चिडली, म्हणाली एवढे पैसे भरून शेवटी शिंपीणच होणार ना, तूही माझ्यासारखीच पाठ मोडून घेणार. आणि मला चित्र नीट काढता येत नाही. फॅशन शोचं वेड नाहीये मला, कपड्यातून माणूस उभा करायला आवडतं. फॅशनमध्ये असलं काही वेगळं करियर असतं का? उशीर झालाय का? ता.क. आईची जुनी पायमशीन आहे, तिला मोटर बसवू का नवीन मशीन घेऊ?

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा आईच्या त्या वाक्यापाशी अडकले. उशीर, चित्र, फी, सगळं बघू आपण, पण आधी आईचं बोलूया. वीस वर्षं ब्लाऊज शिवणाऱ्या बाईला शिवणकाम हलकं वाटतं म्हणून ती तसं बोलली असं मला अजिबात वाटत नाही. तिला माहितीये की लग्नसराईत आणि दिवाळीच्या आधी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मशीन चालते, साडीला पाच हजार मोजलेले असतात पण शिलाईतले वीस रुपये कमी करा म्हणून तीच बाई दारात अर्धा तास उभी राहते, आणि मुंढ्यात, म्हणजे काखेपाशी, जरा कुठे ओढलं की ब्लाऊज परत येतो आणि उसवून पुन्हा शिवण्याचे पैसे कोणीच देत नाही. ती तुला शिवू नको म्हणत नाहीये, या हिशोबात तू अडकू नको म्हणतेय. आणि हा हिशोब बरोबर आहे तिचा, त्यामुळे तिला स्वप्नं सांगून काही उपयोग नाही, तिला उत्तर द्यायचं असेल तर हिशोबानेच द्यावं लागेल, त्याचं पुढे सांगते.

पण "शेवटी शिंपीणच" यातला जो "शेवटी" आहे ना, तिथे मात्र मी आईशी भांडेन.

मी बावीस वर्षं वेशभूषेचं काम करतेय, आधी नाटक, मग मालिका, मधे तीन-चार सिनेमे. एवढ्या वर्षांत माझ्याकडे असिस्टंट म्हणून कितीतरी मुलं-मुली आली, चांगल्या चांगल्या कॉलेजातून आलेली, सुंदर स्केच काढणारी, आणि त्यातली जी टिकली ती बहुतेक सगळी कापड हाताने ओळखणारी होती. तुझ्या हाताला आत्ताच माहितीये की उभ्या धाग्यात कापलं की कापड कसं सरळ पडतं आणि उरेब, म्हणजे तिरकं, कापलं की कसं अंगावरून घसरत खाली येतं, कुठल्या कापडाला अस्तर लागेल, कुठलं धुतल्यावर आटेल, जाड बाईला प्रिन्सेस कट का बरा आणि टक्स कुठे घ्यायचे. हे शिकायला लोक वर्षं घालवतात आणि तरी मास्टरसमोर, म्हणजे कापड कापणाऱ्या मुख्य शिंप्यासमोर, उभं राहिलं की घाबरतात, कारण मास्टर दोन वाक्यात ओळखतो की या पोरीला कात्री धरता येत नाही, आणि मग तो त्याला हवं तेच कापतो. तुझ्याशी त्याला तसं वागता येणार नाही. तुझं डिझाईन आणि शिवलेला कपडा यात जे अंतर पडतं ते तू भरून काढू शकतेस, आणि या धंद्यात निम्मी भांडणं त्या अंतरावरूनच होतात.

माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट सांगते. एका नाटकात एका बाईला अंधारातल्या अंधारात सवाष्णीची विधवा व्हायचं होतं, अंधार चाळीस सेकंदांचा. मी तिच्या रंगीत ब्लाऊजला मागे एकाखाली एक सात हुक लावलेले, अगदी जपून हाताने. रंगीत तालमीला लाइट आले तेव्हा बाईंचे चार हुक अजून लागलेलेच, पदर एका हातात, आणि सगळं थांबलं. कपडेपट सांभाळणारे एक वयस्कर काका होते, फार शिकलेले नव्हते, त्यांनी काहीही न बोलता तो ब्लाऊज माझ्या हातातून घेतला. पांढरा ब्लाऊज आधीच आत घालायचा, वरच्या रंगीताला पुढून टिचबटणं, नऊवारी आधीच शिवून घेतलेली आणि कमरेला एका नाडीवर, ओढली की सुटली. मी म्हटलं काका टिचबटण कशाला, वेल्क्रो लावू ना, पटकन निघेल. म्हणाले, अंधारात थेटर शांत असतं पोरी, वेल्क्रोचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. मला ते कुठल्याच पुस्तकात सापडलं नसतं. दुसऱ्या दिवशी बदल पंचवीस सेकंदात झाला. आता तू सांग, हे काम शिंप्याचं का डिझायनरचं? मला तरी आजपर्यंत त्यात रेघ मारता आलेली नाही.

आता चित्राचं. तुझ्यापासून तासाभरावर कोल्हापूर आहे, तिथली भानू अथैय्या तुला माहिती असेलच, भारतातलं पहिलं ऑस्कर तिचं, "गांधी" सिनेमाच्या कपड्यांसाठी, १९८३ साली, जॉन मोलो या इंग्लिश डिझायनरबरोबर मिळालेलं. पण ती तिथवर कशी गेली हे फार कमी लोक सांगतात आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं. १९२९ चा जन्म, राजोपाध्ये घराणं, वडील चित्रकार, ते ती लहान असतानाच गेले. मुंबईत येऊन जे.जे.त चित्रकला शिकली, १९५३ मध्ये प्रोग्रेसिव्ह ग्रुप या चित्रकारांच्या गटाच्या प्रदर्शनात तिची चित्रं लागली होती. म्हणजे ती पेंटर झाली असती, सरळ रस्ता तो होता. पण पोटापाण्यासाठी बायकांच्या मासिकांत फॅशनची चित्रं काढायला लागली, तिथून एका बुटीकमध्ये कपडे डिझाईन करायला लागली, बुटीकमध्ये नट्या यायच्या, त्यांनी सांगितलं आमच्या सिनेमाचे कर, आणि १९५६ च्या "सी.आय.डी."पासून पुढे पन्नासएक वर्षं ती तेच करत राहिली. त्या वेळी कॉस्च्युम डिझायनर नावाचं पद आपल्याकडे नीट नव्हतंच, कोर्स तर सोडूनच दे. ती ज्या वाटेने गेली ती वाट आधी कोणी आखलेली नव्हती. तुला वाटतंय तू आडवाटेने निघालीस, पण या क्षेत्रात बहुतेक लोक आडवाटेनेच आलेत, कोणी चित्रातून, कोणी शिवणातून, कोणी नाटकातून.

आणि हो, तिला चित्र उत्तम यायचं, ते मी लपवत नाही. पण १९६६ च्या "आम्रपाली"साठी ती अजिंठ्याची भित्तिचित्रं अभ्यासून आली, आणि "ब्रह्मचारी" मधली मुमताजची ती केशरी साडी आठव, ती नेसलेली साडी नाहीये, शिवलेली आहे, नाचताना सुटू नये आणि अंगासरशी बसावी म्हणून. त्यात चित्रापेक्षा बघणं आणि शिवण दोन्ही जास्त आहे. आपल्याकडच्या शिवलेल्या नऊवाऱ्या आज गल्लोगल्ली मिळतात, तू पण शिवल्या असशील, तर त्याच जातीचा तो विचार आहे. चित्राचं एवढं मनावर घेऊ नकोस. मी आजही पुठ्ठ्यावर माणसाची साधी बाह्यरेषा काढते, त्याच्या बाजूला कापडाचे तुकडे स्टेपल करते, दोन-तीन जुने फोटो चिकटवते, आणि दिग्दर्शकाला ते स्केचपेक्षा लवकर कळतं कारण तो कापड हातात घेऊन बघू शकतो. रोज अर्धा तास माणसांची बाह्यरेषा काढायची सवय लाव, स्टँडवर बसून, एवढं पुरतं, वर्षभरात हात बसतो.

तू लिहिलंस "कपड्यातून माणूस उभा करायला आवडतं". या एका वाक्यामुळे मी एवढं लांबलचक उत्तर लिहितेय. फॅशनमध्ये कपडा माणसाला छान दाखवतो. आपल्या कामात कपडा माणसाबद्दल खरं सांगतो, आणि खरं कधीकधी चांगलं दिसत नाही. रिटायर झालेला मास्तर असेल तर त्याचा शर्ट फाटका करायची गरज नाही, कॉलर उसवून उलटी करून लावलेली दाखव, पूर्वी घराघरात करायचे तसं, बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही पण त्याला कळतं की हा माणूस जपून जगतो आणि घरात कोणीतरी त्याचं करणारं आहे. नवीन श्रीमंत झालेल्या माणसाच्या शर्टाची घडी मोडलेली नसते. नांदायला आलेली मुलगी पहिले काही दिवस माहेरच्या साड्या नेसते आणि हळूहळू सासरच्या रंगात जाते. हे सगळं स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं नसतं, ते तुला वाचून काढायचं असतं. नाटक हातात आलं की वही घे, उभ्या रकान्यात पात्रं, आडव्या रकान्यात प्रवेश, प्रत्येक चौकटीत त्या प्रवेशात गोष्टीतला कुठला दिवस आहे, आधी काय घडलंय, किती चेंज, पायात काय, गळ्यात काय, आणि बदलायला किती वेळ आहे. कपड्याचा विचार त्यानंतर. तू दोन नाटकं केलीस, त्यांची अशी वही आत्ता बसून मागाहून बनव, तोच तुझा पोर्टफोलिओ, चकचकीत फोटोंपेक्षा मला तो बघायला जास्त आवडेल.

कॅमेऱ्याचं काम वेगळं, ते थोडक्यात सांगते कारण प्रत्यक्ष केल्याशिवाय कळत नाही. शुभ्र पांढरा कॅमेऱ्यात फुटतो म्हणून पांढरे शर्ट चहाच्या पाण्यात बुडवून किंचित मळवून घेतात. बारीक रेघा आणि बारीक चेक्स पडद्यावर थरथरतात. करकरीत रेशीम आणि सिंथेटिक घातलं की कॉलर माइकमध्ये सळसळ येते आणि साउंडवाले तुझ्याकडे बघतात. आणि कंटिन्युइटी, म्हणजे दाराच्या बाहेरचा सीन आज आणि आतला बारा दिवसांनी, पण बाही तितकीच दुमडलेली पाहिजे, म्हणून प्रत्येक चेंजचा पुढून मागून फोटो. नाटकात याच्या उलट, दहाव्या रांगेतून तुझी बारीक एम्ब्रॉयडरी दिसतच नाही, दिसतो तो आकार आणि रंग, त्यामुळे तिथे कापडाच्या पडण्यावर पैसे घाल, जरीवर नको.

जुन्या काळाचं काम आलं की लोक घाबरून ड्रेसवाल्याकडून भाड्याने आणतात आणि मग सगळे मावळे एकाच साच्यातले दिसतात. तुला तिथे सगळ्यात मोठी संधी आहे असं मला वाटतं, कारण तुला नऊवारी येते. काष्टा ब्राह्मणी घरातला वेगळा, मराठा घरातला वेगळा, कोळणीचं लुगडं गुडघ्यापर्यंत चापून चोपून, लावणीचं अजून वेगळं, आणि ते सगळं त्याच नऊ वारांत, म्हणजे साधारण सव्वाआठ मीटरांत. चोळी म्हणजे ब्लाऊज नव्हे, पुढे गाठ मारायची खणाची चोळी एकदा स्वतः बेतून शीव, बेतताना कळतं की जुन्या बायकांनी खणाचा एकेक तुकडा कसा वाचवलाय. रंगाचं पण ऐकीव घेऊ नकोस. रासायनिक रंग १८५६ नंतर आले हे खरं, म्हणून लोक म्हणतात शिवकाळात चटक गुलाबी नव्हताच, पण कुसुंबी होता की, करडईच्या फुलांचा, चांगला झळझळीत. नव्हतं ते पॉलिएस्टर, आणि नव्हती ती चेन, म्हणजे झिप, आणि लाइटखाली पॉलिएस्टरची चमक लगेच चुगली करते. बघण्यासाठी फार लांब जावं लागत नाही. पुण्यात राजा केळकर संग्रहालय आहे, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कापडांचं दालन आहे, कोल्हापूरच्याच रावबहादूर धुरंधरांनी वेगवेगळ्या जातीजमातीच्या बायका नेसत्या साड्यांसकट काढून ठेवल्यात. आणि सगळ्यात सोपं म्हणजे गल्लीतल्या म्हाताऱ्या बायकांचे लग्नाचे फोटो. मोबाईलवर काढून घे, मागे साल आणि गाव लिही, कुणाच्या लग्नात बाही कोपरापर्यंत आहे, कुणाच्या फुगा आहे, कुणाच्या बिनबाह्यांचं आहे, शंभर फोटो जमले की तुझ्याकडे जे होईल ते मुंबईत बसलेल्या कुणाकडे नसेल. आणि तू तर सांगलीत बसलीयेस, जिथे १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं. बालगंधर्व साडी कशी नेसतात ते बघून त्या काळच्या बायका नेसायच्या. आणि त्याच बालगंधर्वांवरच्या २०११ च्या मराठी सिनेमासाठी नीता लुल्लांना वेशभूषेचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. मराठी सिनेमा, आपल्या मातीतले कपडे, आणि देशपातळीवरचं बक्षीस. हे आईला जरूर सांग.

"वेगळं करियर असतं का" विचारलंस, तर असतात, आणि त्यातली बरीच अशी आहेत की ज्यांची पाटी कुठे लागलेली नसते. सिनेमात नवे कपडे जुने करणारी माणसं असतात, सॅंडपेपर, चहा, मुलतानी माती, मेण, तारेचा ब्रश, आठ दिवसांत शर्टाला दहा वर्षांचा करतात, आणि मारामारीच्या सीनला एकाच शर्टाचे पाच-सहा नग सारख्याच खुणांचे लागतात तेव्हा त्यांची खरी परीक्षा. म्युझियममध्ये जुनी वस्त्रं जपणारे असतात, ते काम रसायनं शिकून करायचं, त्याची वाट लांबची आहे. पेणला आणि लालबागला गणपतीच्या मूर्तींना खरं धोतर आणि फेटा नेसवणारे कलाकार आहेत, मूर्तीवर कापडाच्या निऱ्या बसवणं सोपं नसतं, हंगामात श्वास घ्यायला वेळ नसतो त्यांना.

पण मला तुला एक मुद्दाम सांगायचंय, कारण याचा विचार फार कमी लोक करतात. आजारी आणि म्हाताऱ्या माणसांचे कपडे. माझ्या सासूबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हा मला कळलं की आपला ब्लाऊज दोन चालते हात गृहीत धरून बेतलेला असतो. एक हात उचलतच नाही तर बाही चढवणार कशी? रोज सकाळी त्या रडायच्या, आणि बायकांनी गाऊनवर राहावं असं सगळ्यांचं म्हणणं, पण त्यांना पाहुण्यांसमोर गाऊनमध्ये बसायचं नव्हतं. मी मग खांद्यावर उघडणारा ब्लाऊज केला, बाजूच्या शिवणीत खालपर्यंत टिचबटणं, आधी लुळा हात घालायचा, मग दुसरा, आणि साडी शिवलेली, कमरेला पट्टा. त्या दिवशी त्या स्वतः म्हणाल्या आरसा दे. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बायकांना असाच जरा विचार करून बेतलेला, आत खिसा असलेला ब्लाऊज लागतो, आणि त्यांना मापं द्यायला पुरुष मास्टरकडे जायचं नसतं. तुमच्या शेजारी मिरज आहे, दवाखान्यांचं गाव. तुझी आई यात काय करू शकेल याचा विचार कर. यात वीस रुपयांची घासाघीस होत नाही, आणि वेशभूषेचाच विचार आहे हा, माणूस बघायचा, त्याला काय करता येत नाही ते बघायचं, आणि मग बेतायचं.

आता फी. साडेतीन लाख कर्ज काढून तो कोर्स करू नकोस, आत्ता तरी नको. मी त्या संस्थेला वाईट म्हणत नाही, मला ती माहितीच नाही, पण जिथे फी सांगतानाच कर्जाचं आम्ही बघतो म्हणतात तिथे मी दोन पावलं मागे येते. पहिल्या वर्षी हे शिकवतात त्यातलं अर्धं तुला येतंय. शिकायचंच असेल, आणि पुढे शिकावंस असं मला मनापासून वाटतं, तर दोन दारं बघ. एक दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, तीन वर्षांचा पूर्णवेळ कोर्स, पदवी पाहिजे आणि काही नाटकांत काम केल्याचा अनुभव पाहिजे, वयाची अट तिशीपर्यंत, म्हणजे तुझ्या हातात वेळ आहे, आणि शिकताना दरमहा विद्यावृत्ती मिळते. तिथे डिझाईनचं स्पेशलायझेशन घेता येतं. प्रवेश अवघड आहे, जागा मोजक्या, पण तुझ्यासारखी प्रत्यक्ष नाटकं केलेली मुलगी तिथे उपरी वाटत नाही. दुसरं निफ्ट, म्हणजे केंद्र सरकारची फॅशन शिकवणारी संस्था, मुंबईचं केंद्र खारघरला आहे, तिथलं डिझाईनचं पदव्युत्तर शिक्षण कुठल्याही शाखेच्या पदवीवर घेता येतं, बी.कॉम. चालतं, फक्त तिथली फी पण कमी नाही. फॉर्म भरायच्या आधी दोन्हींच्या वेबसाईटवर त्या वर्षीचे नियम नीट वाच, ते बदलत असतात. आणि तोपर्यंत काम कर. मालिका हल्ली कोल्हापूर, सातारा, वाईकडे पण शूट होतात, तिथे कॉस्च्युम टीमला लोकल असिस्टंट लागतोच, ज्याला मास्टर कुठे बसतो आणि रात्री नऊला अस्तर कुठे मिळेल हे माहिती असेल असा. बारा तासांची शिफ्ट असते, इस्त्री आणि बोचकी उचलणं पण तुझ्याकडेच येईल, ड्रेसदादा, म्हणजे सेटवर कपडे सांभाळणारा, सांगेल ते ऐकायचं, त्यांच्याइतकं कोणी शिकवत नाही. मुंबईत जाऊन राहायचा विचार अशी दोन-तीन कामं झाल्यावर कर, आधी नको, आणि तिथे कायम काम करायचं ठरलं की युनियनच्या कार्डाचं पहिलं बघ.

पैशाचं स्पष्ट बोलते कारण आईबाबांना तेच विचारायचंय. मालिकेत बहुतेक ठिकाणी पैसे नव्वद दिवसांनी येतात, म्हणजे तीन महिने तू स्वतःच्या खिशातून जगणार. हौशी नाटकात तर मानधन म्हणजे नारळ आणि पाकीट. मी तिसऱ्या वर्षी एका निर्मात्याचं चार महिने काम केलं, शेवटचे दोन महिने पैसे आलेच नाहीत, माझ्याकडे एक कागद नव्हता दाखवायला, नुसते फोन करत राहिले. तेव्हापासून कितीही ओळखीचा माणूस असला तरी एका पानावर लिहून घेते, किती चेंज, कापड कुणाचं, धुलाई-इस्त्री कुणाची, प्रयोगानंतर कपडे कुणाकडे, निम्मे पैसे आगाऊ. तू ही सवय आत्ताच, हौशी ग्रुपपासूनच लाव, कोणी रागावलं तर रागावू दे. आणि स्थिर पैशासाठी आठवड्याचे तीन दिवस आईबरोबर शिवण चालू ठेव, पण साध्या ब्लाऊजवर नाही, शिवलेली नऊवारी, भरतनाट्यमचे ड्रेस, शाळांच्या गॅदरिंगचे कपडे, आणि ते पेशंटचे ब्लाऊज, जिथे दर तुम्ही सांगायचा असतो. या तीन दिवसांची वेगळी वही ठेव आणि सहा महिन्यांनी बाबांसमोर ठेव. बँकेची परीक्षा द्यायचीच नाही असं मी सांगणार नाही, तुझ्या घरची परिस्थिती मला पत्रातून पूर्ण दिसत नाही, पण मनातून नको असताना दोन-तीन वर्षं क्लास लावून बसणं मला तरी पटत नाही. बाबांकडे एक वर्ष माग, तारीख ठरवून माग.

उशीर? २४? अगं नाही.

आईच्या पाठीचं पण जरा बघा दोघी. पायमशीनवर बसायला बहुतेक घरात असेल ते स्टूल घेतात, ते उंचीला कमी पडतं आणि माणूस पुढे वाकतो. कोपर मशीनच्या पाटाच्या पातळीला येईल एवढी उंच, पाठ टेकायला मिळेल अशी खुर्ची घ्या, आणि बल्ब डोक्यामागे नको, सुईच्या बाजूला घ्या, अर्धं वाकणं उजेड कमी म्हणून असतं. आणि पुढचं नाटक घेशील तेव्हा आईला घरी बसून शिवायला देऊ नकोस, तालमीला घेऊन जा. तिने शिवलेला कपडा तिने आजवर चालताना, भांडताना, रडताना बघितलाय का कधी? भावे नाट्यमंदिरात पडदा उघडायच्या आधी नावं घेतात तेव्हा वेशभूषेत तुझ्याबरोबर तिचं नाव घ्यायला सांग, आणि तिला आधी सांगू नकोस.

मशीनचं विचारलंस ते राहिलं. जुनी पायमशीन देऊ नकोस, आधी जवळच्या मेकॅनिककडून तेलपाणी आणि टायमिंग करून घे, मग मोटर बसव, पायपट्टा काढून फेकू नका, लाइट गेल्यावर आणि रेशमावर हळू टीप मारायला पायच बरा. नव्या मशीनचे पैसे साठवून पुढे ओव्हरलॉक, म्हणजे कापडाच्या कडा बांधणारी मशीन, घे, आतली शिवण साफ असली की कपडा शंभर धुलाया टिकतो आणि नाटकाला तेच लागतं. सुया मात्र आजच आण, ११ नंबर रेशमाला आणि मलमलला, १४ रोजच्या कॉटनला, १६ जाड कापडाला, आणि मोठं काम हातात घेतलं की पहिली टीप मारायच्या आधी सुई नवीन लाव, बोथट सुईने पैठणीचा धागा ओढला तर तो परत बसत नाही.